सूज आहे अजून

बोर्डावर नीलाक्षी. रेशनकार्डावर यमू शेंडे.
नऊ सीझन वडशाच्या मंडळात
मी मोलकरीण होते, वेडी होते, चहाटळ नणंद होते,
एकदा तर हवालदाराची सासू,
वयाच्या चोविसाव्या वर्षी.
हिरोईन नागपूरहून यायची, स्वतःची उशी घेऊन.
तिचे डायलॉग मीच तिच्याकडून पाठ करून घ्यायची.

मालक वाईट नव्हते. हिशोब चोख.
एका पहाटे नोटा मोजता मोजता म्हणाले,
"आवाज हाये तुयाजवर, डोरे हायेत.
नाकाचं मात्र काई करता येते का पाय."
जसं कोणी म्हणावं,
पडद्याची दोरी बदलता येते का पाय.

होळीला सीझन संपला.
एकशे चौदा नाईटांचे पैसे, त्यात भिशीचे,
त्यात विकलेली शिलाई मशीन.

धंतोलीत डॉक्टरनं कॉम्प्युटरवर
माझं नाक चिमटीत धरून वर ओढलं,
कणीक ओढावी तसं.
स्क्रीनवरची बाई सुंदर होती.
ती मला ओळख देईल असं वाटेना,
तरी मी सही केली.

मे महिना. नाकावर प्लास्टर.
सारं गाव तेंदूच्या पानांवर गेलेलं,
घरी मी आणि मोटर जळालेला कूलर.
प्लास्टरच्या आत घाम उतरायचा, खाजवता यायचं नाही.
शेजारची भागरता दारातून विचारायची,
"पडली का वो?"
मी हो म्हणायची.
मग ती विचारायची, "कोठी?"
याचं उत्तर तयार नव्हतं.

प्लास्टर निघालं तेव्हा शेंडा वर गेलेला,
उजवी नाकपुडी डावीपेक्षा
तांदळाच्या दाण्याएवढी उंच.
"सूज आहे," डॉक्टर म्हणाला, "सहा महिने द्या."
आईनं बघितलं, बराच वेळ बघितलं,
मग म्हणाली, "चहा मांडू काय?"

नाकासमोर चालणारी पोरगी,
असं माझ्याबद्दल सगळे सांगायचे.
आता नाकासमोर चालले
तर कोणाच्या बांधीत जाऊन पडेन कोण जाणे.

दिवाळीनंतरचा पहिला प्रयोग
सिंदेवाहीच्या पुढं, धान निघालेल्या शेतात.
मालकांनी शब्द पाळला होता. आईचा रोल,
मोठा, रडका, तिसऱ्या अंकात मरण.
रात्रीचे अडीच. शंकरपटाला आलेली माणसं
चादरी गुंडाळून बसलेली, दोनेक हजार.
ऑर्गन थांबला.
मी मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचा श्वास घेतला
आणि डाव्या नाकपुडीतून शिट्टी वाजली.

बारीकच. घरी असते तर मलाही ऐकू आली नसती.
पण कॉलर माईक गळ्याशी होता
आणि भोंगे चारी दिशांना.
पुन्हा श्वास. पुन्हा शिट्टी.
मागून कोणीतरी ओरडलं,
"कुकर झाला वो बाई, उतरवा!"
आणि शेत हसलं. अख्खं शेत.
माझा मुलगा झालेला हिरामण
तोंड माझ्या पदरात खुपसून गदगदत होता.
लांबून ते रडणंच दिसलं असेल.

तिकीट काढलेल्या माणसाला हसायचा हक्क आहे.
मालकही हसले. म्हणाले, "पुढच्या साली कॉमेडीत घेतो.
शिट्टीसकट."
नाईटमागं दोनशे वाढवले.
मी नाही म्हटलं नाही, हे सांगायला
नाकापेक्षा जास्त लाज वाटते.

त्या साली तारखा आधीच दिलेल्या होत्या.
मी आणखी एकोणसाठ वेळा मेले,
मनात आकडे मोजत, श्वास कोंडून.
लोक सांगायचे,
काय शांत मरते बाई, जराही हलत नाही.

आता दहावा महिना. सूज, म्हणे, उतरते आहे.
स्टेजमागं तणसीवर बसून मी मेकअप काढते.
तणसीचा वास यायला हवा, येत नाही.
खोबरेल तेलाचा बोळा कपाळावरून खाली येतो
आणि नाकाशी पोचला की
आपणच रुंद वळण घेतो, जुन्या नाकाचं.
मध्ये थोडी हवा पुसली जाते.