एकही फाइल निवडलेली नाही

विट्यात, एसटी स्टँडच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर
माझं टेबल. पंखा दोनवर ठेवला तर कागद उडत नाहीत.
लेंगरे रस्त्याला गलाईवाल्यांच्या पोरींचं वसतिगृह आहे,
त्याच्या प्रवेशाचा फॉर्म मी लिहिलाय:
नाव, इयत्ता, पालक सध्या कोणत्या राज्यात,
आणि खाली तीन चौकटी.
दाखला. गुणपत्रक. पालकाचा फोटो.

प्रत्येक चौकटीशेजारी ब्राउझर आपणहून लिहितो
"एकही फाइल निवडलेली नाही."
हे वाक्य माझं नाही.
रात्री उशिरा ते हजेरीसारखं वाटतं,
नाव पुकारलं आणि कुणी ओ दिली नाही.

माझी स्क्रिप्ट बाकी सगळ्यात हात घालते.
पिनकोडवरून तालुका भरते,
मोबाइलचा अकरावा आकडा उतरवून ठेवते.
पण या चौकटीत तिला काही ठेवता येत नाही.
दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता उचलू नये,
एवढी रीत ब्राउझरला आहे.
निवडायचं त्यानंच, त्याच्या बोटानं.
आणि आत आलेली फाइलही ठावठिकाणा सांगत नाही;
रस्ता विचारला तर सरळ लिहून येतं, फेकपाथ,
खोटी वाट, पुढं फक्त नाव.
पहिल्यांदा वाचून मला हसू आलं होतं.
मग आठवलं, आमच्याकडं तरी काय वेगळं.
"कुठं असता?" "बाहेर."
"बाहेर कुठं?" "लांब."

शनिवारी रात्री पावणेदहाला फोन.
हणमंत हसबे, सिलिगुडीहून. मागं भट्टीची घरघर.
"म्याडम, तुमचं यंत्र फोटो घिना.
पयल्यांदा म्हणलं, लई मोठा हाय.
भाच्यानं बारका करून दिला.
आता दाबतोय तर हां न्हाई, हूं न्हाई."

मी विचारलं, फाइलचं नाव बदललं का?
"नाव कशाला बदलू? माझाच फोटो हाय."

चूक माझी होती.
नऊ एमबीचा फोटो मी दारातून परत पाठवला,
लाल अक्षरांत कारण दिलं,
पण चौकटीत त्याचं नाव तसंच पडू दिलं.
मग तोच फोटो हलका होऊन आला
त्याच नावानं, त्याच जागेवरून,
तेव्हा ब्राउझरनं मान वर करून पाहिलंच नाही.
नाव तेच, म्हणजे बदल नाही.
बदल नाही, तर माझी स्क्रिप्ट कशाला उठतेय?

बावीस वर्षं तेजाबाच्या वाफेत.
अंगठ्यावर रेघ उरली नाही,
गावच्या रेशनच्या मशीनला तो ओळखू येत नाही.
हे त्यानंच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे,
मी कोड उघडेपर्यंतचा वेळ काढायला.
आणि दिवाळीला गेला की पारावर म्हणतात,
"हणमा, हाय तसाच हाईस की."

एक ओळ घातली.
फाइल नाकारलीस, तर चौकट रिकामी कर.
तिथं मला एवढंच जमतं.
भरता येत नाही, रिकामं करता येतं.
त्याला सांगितलं तर म्हणाला,
"व्हय, मूस खरवडावीच लागती,
न्हाईतर फुडचं सोनं बाटतंय."

पान पुन्हा उघडा. आता करा.
पट्टी सरकली. चाळीस. चाळीस. चाळीस.
तिकडं नेट असंच. मग एकदम शंभर.

पांढरा शर्ट, पाठीमागं निळी ताडपत्री,
केस ओले करून विंचरलेले.
डोळे कॅमेऱ्याकडं नाहीत, जरा बाजूला,
जिथून भाचा "हस की मामा" म्हणत असणार.
पासपोर्टच्या नियमात हे बसत नाही.
तो नियम तपासणारी ओळ मी लिहिलेली नाही,
आता लिहिणारही नाही.

"आला का?"
"आला."
"मग आमच्या प्राजूला दिसंल तिथं?"

फॉर्ममध्ये तसं काही नव्हतं.
फोटो रेक्टरबाईंना दिसतो, पोरीला नाही.
मी म्हटलं, दिसेल.
रविवारी झेरॉक्सचं शटर खाली होतं,
मागच्या जिन्यानं वर गेले,
आणि तेवढं केलं.