किरकोळ

माझ्या आडनावातला 'प' इथल्या लिपीत नाही.
'ड' नाही, 'ण' तर नाहीच.
उरलं त्यातून बलदियाने बेदनेकर केला,
बावीस वर्षं तोच पगार घेतो.

गाव लहान. समुद्राला लागून एक रस्ता,
मागे तपकिरी डोंगर, मधे कोरडी वादी,
जी तीन-चार वर्षांतून एकदा पाण्याने येते
आणि आमचं अंदाजपत्रक वाहून नेते.

आज सभेला सात सभासद, खजुरांचं एक ताट
आणि शिल्लक अकराशे चाळीस रियाल.
खल्फान म्हणतो, किनाऱ्यावर दिवे लावू.
मुसल्लम म्हणतो, आधी कुंपण,
गेल्या वर्षीची रोपं शेळ्यांनी खाल्ली,
आणि शेळ्या कुणाच्या ते मी बोलत नाही.
खल्फान खजुराची बी बराच वेळ तोंडात घोळवतो.

इतिवृत्तात मी लिहितो: चर्चा झाली.

मग जुवैना येते, काठी टेकत.
रस्ता रुंद व्हायचाय, आणि नकाशात तिची भिंत
दीड मीटर पुढे आहे, सरकारात.
त्या दीड मीटरात एक बोर उभी.
नकाशा तिने उलटा धरलाय.
कुणी सुलटा करून देत नाही.

"हा कागद किती वर्षांचा?"
एकोणीस, मी सांगतो.
"झाड ह्याच्याहून थोरलं. हद्द कुठे ते त्याला विचारा."

हद्द.
माझे आजोबा कणकवलीच्या लाकडाच्या वखारीत कीर्द लिहायचे.
हिशेब, जमा, बाकी, हद्द:
त्यांच्या वहीतले निम्मे शब्द इथे बाजारात हिंडतात,
लांबच्या सोयऱ्यांसारखे, थोडे बदललेले.
रक्कम म्हणजे इथे नुसता आकडा.
तरी ओळख देतात.

अध्यक्ष म्हणतात, विषय पुढच्या सभेत.
पाचव्यांदा.
जुवैना उठत नाही.
"आणि खल्फान, तुझ्या शेळ्या माझ्या बोरीखाली चरतात.
त्यांचा कर कोण भरतं?"
मुसल्लम खोकतो. खोकल्यात हसू आहे.

शेवटी अध्यक्षच हळू विचारतात,
दिव्याचा खांब पलीकडे नेला,
रस्ता तिथे जरासा वळवला, तर?
पंच्याऐंशी रियाल, अभियंता म्हणतो.
कुठल्या खात्यात?
आता सगळे माझ्याकडे बघतात.
बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, योग्य काय.
विचारतात ते एवढंच, कुठल्या खात्यात.

मी म्हणतो, किरकोळ दुरुस्ती.

जुवैनाने अंगठा दिला. शाई पुसायला
माझ्या टेबलावरचा जुना ठराव घेतला.

रात्री खोलीवर. ही खोलीही भाड्याची.
मार्चमध्ये हिचा करार माझ्याच टेबलावर आला होता,
मी मला शेकडा तीन आकारले,
शिक्का मारला, पावती फाडली,
आणि थांबून स्वतःला उरलेली चिल्लर मोजून दिली.

भाच्याने फोनवर फोटो पाठवलाय:
नगरपंचायतीच्या फलकावर घरपट्टीचे थकबाकीदार.
माझे दोन खोल्यांचे बंद घर, सात वर्षं,
अनुक्रमांक एक्केचाळीस.
बोटांनी मोठं करून बघतो.
दंडाची बेरीज सहा रुपयांनी चुकली आहे,
माझ्या फायद्याची.
नाव मात्र बरोबर:
पेडणेकर. प, ड, ण, तिन्ही जागच्या जागी,
कुणीतरी ठळक अक्षरात छापलेले.

पैसे आत्ता इथूनच भरता येतील.
भरले की नाव यादीतून निघेल.

दिवा मालवतो.
विषय पुढच्या सभेत.