दूध तोडणे

रात्री साडेनऊला वर्ग भरतो.
नेट फक्त गच्चीवर येतं, टाकीपाशी,
म्हणून मी चिऱ्याच्या कठड्याला पाठ टेकून
एम.एस्सी. करते.
मांडीवर उशी, उशीवर टॉवेल,
टॉवेलवर तापलेला लॅपटॉप.

सर कोइम्बतूरहून हजेरी घेतात.
"होडेकर नझमीन, रत्नागिरी?"
"यस सर" म्हणेपर्यंत चित्र गोठतं,
सर अर्ध्या उघड्या तोंडाने थांबतात,
जणू आता नळीच घालायची आहे.

चौदा वर्षं मी सिव्हिलमध्ये दुसऱ्यांचे श्वास मोजते.
मशीनचा कुठला आवाज खरा,
कुठला नुसता पेशंटचा हात लागल्याचा,
झोपेतही सांगेन.
पण का, ते कुणी शिकवलं नव्हतं.
आता बेचाळिसाव्या वर्षी 'का' शिकते आहे, हप्त्यांनी;
एका सत्रात एक बांगडी गेली.
शाझियाने विचारलं, "पगार वाढेल का गं?"
म्हटलं, "बघू."
नाही वाढणार.

पहिल्या सत्रात टायडल व्हॉल्यूम होतं.
सरांनी कुठल्याशा परदेशी बेटाचा फोटो दाखवला
आणि विचारलं, भरती-ओहोटी प्रत्यक्ष कुणी पाहिली आहे?
बावीसजणांत मी एकटीच हसले. माइक बंद होता.
खाली राजिवड्याच्या खाडीला सुकती लागलेली,
होड्या कुशीवर कलंडलेल्या,
आणि मधल्या खोलगटात थोडं पाणी तसंच.
ते कधीच जात नाही, मामू सांगायचे,
भांग असो की उधाण.
छातीतही असंच काही उरतं,
बाराशे मिलिलिटर, कितीही जोर लावून सोडा.
तेवढा एक आकडा मला पाठ करावा लागला नाही.

आज वीनिंग.
मशीनचा आधार हळूहळू काढून घेणे.
स्लाइडवर सहा निकष.
शब्द मूळचा कुठला, एका मुलाने विचारलं.
सर म्हणाले, बाळाचं दूध तोडतात ना, तोच.

फैजानचं तोडलं तेव्हा तो पावणेदोन वर्षांचा
आणि माझी रात्रपाळी.
सासूने सांगितलं म्हणून कारल्याचा रस लावला.
त्याने तोंड लावलं, मागे सरला,
रडला नाही.
माझ्याकडे बघितलं फक्त.

आणि सिद्दप्पा, चिरेखाणीतला, विजापूरकडचा.
त्याच्या फुप्फुसांत धूळ कसली,
आमची घरंच होती, थोडी थोडी.
अकरा दिवस मशीनवर. बाराव्या दिवशी
डॉक्टर म्हणाले, काढून अर्धा तास बघू.
मला कानडीतला एकच शब्द येत होता, उसिरु,
श्वास. तोच म्हणत बसले त्याच्या उशाशी,
उसिरु, उसिरु,
जसं दारात उभं राहून कुणाला हाक मारावी.
नववं मिनिट. कपाळाला घाम.
त्याने माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, मशीन परत लावूया.
डॉक्टर म्हणाले, आकडे तर चांगले आहेत.
आकडे चांगलेच होते.
लावलं.
दोन दिवसांनी जमलं त्याला. पुढच्या सोमवारी
भिंत धरत बाहेर गेला, स्वतःच्या पायांनी.
त्याची बायको माझा हात धरून खूप काही बोलली,
त्यातलं मला उसिरु तेवढं कळलं.
पण त्या दिवशी माझं बरोबर होतं
की मीच घाबरले होते,
हे आजही सांगता येत नाही.

सर म्हणाले, प्रबंधाचे विषय शुक्रवारपर्यंत पाठवा.
मी माइक चालू केला.
"सर, पेशंट जसं बघतो, ते मोजता येतं का?"
पलीकडे कुणीतरी खोकलं.
सर म्हणाले, "नझमीन मॅडम, हे जरा..."

आणि गोठले.

गोल फिरत राहिलं पडद्यावर.
खाली बंदराकडे बर्फाच्या कारखान्याची घरघर,
आणि पाठीला एकदम गार लागलं.
"अम्मी," फैजान जिन्यातून ओरडला,
आवाज फुटलेला, बापासारखा,
"मोटार कोण बंद करणार? टाकी वाहतेय!"