दहा ताला

फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत माझा बाप बसलाय,
मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात सुट्टे.
गाडीची काच खाली केली तर म्हणतो,
"माणशी दहा ताला. पोराचे पाच."
"बाबा, मी आहे."
"दिसतंय की. गाडी भाड्याची दिसतेय."
मी वीसची नोट दिली. त्यानं पाच परत केले,
मोजून.

अकरा वर्षांनी सवाई बेटावर आलेय मी,
सुट्टीला, यादी घेऊन.
ऑकलंडच्या फ्रिजवर महिनाभर चिकटलेली यादी,
कालेपोच्या अक्षरात, खाडाखोडीसकट:
कासवं. धबधबा. लाव्हा. उडणारं पाणी.

सोमवारी कासवांना पपई भरवली.
एकानं कालेपोचं बोट पपई समजून चाखलं.
तो किंचाळला, आणि मग दिवसभर
तेच बोट पदकासारखं दाखवत हिंडला.

मंगळवारी धबधबा. कड्यावर गावची पोरं रांगेत,
ओले लावालावा कमरेला घट्ट खोचून,
आणि त्यांच्यात मी, चाळिशीची, हेल्मेट घालून.
"मावशी, खाली नुसतं पाणी आहे,"
एक पोरगी म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात.
हेल्मेट तिच्या हातात देऊन, नाक धरून
मी गेले.
पोटात गोळा नव्हे, अख्खा भोपळा.
वर चढून आले तर तीच पोरगी
हेल्मेटात कोळंब्या गोळा करत बसलेली.

बुधवारी लाव्हा. थिजलेला, काळा,
दुधावरच्या सायीसारखा सुरकुतत गेलेला
थेट समुद्रापर्यंत.
एक चर्च गुडघाभर बुडून उभं, छप्पर नाही.
"देवाला आधी कळलं नाही का?" कालेपोनं विचारलं.
माझ्याकडे शहाळं होतं. ते पुढे केलं.

आणि आज हे.
काळ्या खडकाला भोकं, खाली समुद्राची ये-जा,
लाट आत शिरली की पाण्याचा खांब
माडांच्याही वर.
बाप खुर्चीतून उठतो, नारळांची टोपली उचलतो.
"फेकायचाय? नारळाचे पाच वेगळे."

आठ वर्षांची होते तेव्हा
पाठ करून फेकायचे मी, न बघता,
आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे.
आज पहिला लवकर पडला. भोकानं गिळला.
दुसरा उशिरा. ओल्या खडकावर गडगडत
एका जर्मन बाईच्या पायाशी.
"पाच आणि पाच," बाप मोजतो.
"बूट घालून कसं कळेल तुला?
आधी खडक घुमतो. मग भोक श्वास ओढतं.
तेव्हाच, त्याच्या आधी नाही, नंतर नाही.
हे काय डोळ्यांचं काम आहे?"

मी नाडी सोडेपर्यंत
कालेपोनं सपाता भिरकावल्या होत्या.
डोळे मिटून उभा, बोटं फाकवून,
ओठांत काहीतरी पुटपुटत.
फेकला.

गेला की गेला!
इतका वर, की परत येईल असं वाटेना.
जर्मन बाई ओरडली, तिचा नवरा ओरडला,
मी ओरडले, खारा पाऊस तोंडात घेऊन.
बाप गप्प. त्यानं वर पाहिलंच नाही,
पोराच्या पावलांकडे बघत होता.

रात्री फालेत, चटईवर पालथी पडून
मी पाठीला खोबरेल लावून घेतेय.
भाजलेय पाठ, लालबुंद, सोलवटलेली.
"ही काय इथल्या माणसाची पाठ आहे?"
बाप म्हणतो, आणि हात हलका करतो.
"बाबा, पंचवीस ताला घेतलेत तुम्ही आमच्याकडून."
"डबा गावाचा आहे, माझा नाही."
शेजारी कालेपो झोपलाय,
मुठीत करवंटीचा तुकडा. कुणाचा, कुठल्या नारळाचा,
काही सांगता येत नाही, पण त्याला खात्री आहे.

"उद्या काय आहे यादीत?"
"संपली."
"मग पहाटे चल नारळ वेचायला. दोघंही.
फुकट आहे," तो म्हणतो,
आणि कंदील बारीक करतो.