आठवडा एकेचाळिसावा

गावी थोरल्या भावाच्या नावावर सातबारा आहे.
माझ्या नावावर नुसते सात.
ऑक्टोबरातले. शनिवार दुपारी चारपासून
पुढच्या शनिवारी सकाळी दहापर्यंत,
ब्रॅन्सन, मिझुरी, इमारत सी, दुसरा मजला,
तळ्याच्या बाजूला.

अठ्ठ्याण्णव साली फुकटच्या नाश्त्यावर घेतले.
नव्वद मिनिटं फक्त ऐकून घ्यायचं होतं,
वर जादूच्या खेळाची दोन तिकिटं.
कुमुद टेबलाखालून पाय मारत होती.
मला वाटलं, घ्या म्हणतेय.

आता दर जानेवारीत देखभालीचं बिल येतं,
यंदा अकराशे चाळीस डॉलर,
संक्रांतीसारखं, न चुकता, आणि दर वर्षी अंगानं थोडं भरून.
ऋजुताला म्हटलं, माझ्यामागे हे तुझंच.
ती म्हणाली, बाबा, वकिलाला विचारून ठेवलंय मी,
नको कसं म्हणायचं ते.

म्हणून ही जाहिरात.
साइटवर रकाने भरायचे असतात.
झोपण्याची सोय: सहा.
सहाच लिहिलं.
दोन हजार तीन साली अकरा झोपलो होतो आम्ही,
खासनिसांची मुलं बाथटबात उशा टाकून.
स्वयंपाकघर: सुसज्ज.
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला धुराचा अलार्म वाजला
आणि अख्खी इमारत पायजम्यात पार्किंगमध्ये,
हे कोणत्या रकान्यात घालू?
दृश्य:
इथे थांबलो.
तळं, असं लिहिलं, पण डोळ्यांपुढे काही येईना.
पोह्यांपासून पत्त्यांपर्यंत सगळे दिवस आतच गेले,
आणि तो सोफा तळ्याकडे पाठ करून.

भाव लावला नऊशे.
खाली त्याच इमारतीतले, त्याच आठवड्याचे आणखी चौघे.
कुणी वॉल्टर, साडेआठशे.
कुणी जॅनिस, आठशे.
मी सातशे नव्वद केले, रात्रीतून वॉल्टर साडेसातशे.
वॉल्टरला मी कधी पाहिलेलं नाही,
पण जून-जुलै रोज चहाआधी
त्याचाच भाव बघत होतो.
मंडईत दोन गाळे शेजारी-शेजारी, दोघांकडे तीच मेथी,
आणि समोर चिटपाखरू नाही.

एक जण म्हणाला, तीन हजारांचा चेक धाडतो,
उरलेले तेवढे परत पाठवा.
इतका भला माणूस मी अठ्ठ्याण्णव सालीच पाहिला होता,
नाश्त्याच्या टेबलापलीकडे.

ऑगस्टअखेर टल्साहून डार्लीन.
सव्वापाचशे देईन म्हणाली.
आईला न्यायचंय, व्हीलचेअर आहे.
लिफ्ट आहे, ते मला ठाऊक होतं.
पण बाल्कनीच्या दाराला उंबरा आहे का?
रिसॉर्टला फोन लावला, बारा मिनिटं बासरी ऐकली.
आहे. दीड इंच.
तेच कळवलं, आणि धरून चाललो की गिऱ्हाईक गेलं.
तिचं उत्तर आलं: बरं झालं सांगितलंत, फळी घेऊन येऊ.

पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी करायची, त्याचे एकोणसाठ वेगळे.
हिशेब मांडला.
यंदा तोटा फक्त सहाशे चौऱ्याहत्तर.
कुमुद म्हणाली, मग पेढे वाटा.

त्या शनिवारी मी सेंट लुईसमध्ये, घरीच,
शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होतो.
चार वाजले ते घड्याळ न बघता कळलं.
उगाच हात धुतले.

सव्वासातला मेसेज:
जास्तीची पांघरुणं कुठे असतील?
आईला थंडी वाजतेय, आणि ती बाल्कनीतून आत यायला तयार नाही.

तेवढं मात्र मला येत होतं.
आतल्या खोलीतलं कपाट, वरचा खण,
इस्त्रीच्या फळीमागे.
दिसणार नाहीत.
हात पार आतपर्यंत घाला.
आहेत.