वयोगट दहा ते चौदा

बिडकर म्हणाले, ऐंशी पानं. टाइप मोठा.
दर चार पानांना एक चित्र, शेवटी स्वाध्याय.
दिवाळीच्या सुट्टीआधी हवंय.
आणि ते 'एकलकोंड्या होत्या' वगैरे नको बाई,
पालक पुस्तक परत ठेवतात.

अप्पा बळवंत चौकातून निघाले
तेव्हा पिशवीत तुमच्या नऊ कादंबऱ्या होत्या
आणि फोटो एकही नव्हता.

शशिप्रभाबाई खांबेटे,
तीन महिन्यांत जमलंय ते एवढंच.
जन्म वाईचा. शाळेचा दाखला म्हणतो भोरचा.
एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर, एकतीस वर्षं.
पुरस्कार जाहीर झाला त्या दुपारी
तुम्ही स्टुलावर चढून बेलची वायर कापलीत,
भाजी चिरायच्या कात्रीनं.
वायरमन पोंक्षे अजून चिडलेले आहेत.
मेन स्विच तरी बंद करायचा, म्हणतात.

वाचनालयाच्या वहीत तुमच्या नावापुढे:
रहस्यकथा, रहस्यकथा, कुक्कुटपालन, रहस्यकथा.

इस्त्रीवाले परदेशी सांगतात,
आठवड्याला तीन साड्या यायच्या.
त्यातल्या एकीच्या पदराला गाठ, कायमची.
'सोडू नका, तशीच फिरवा.'
मग ते गाठीच्या कडेकडेनं इस्त्री न्यायचे,
गल्लीत झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तशी.
गाठीत काय होतं?
मी कशाला बघू, म्हणाले,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी पेनाचं टोपण लावलं.

मी स्वतः बारा वर्षांची असताना
तुम्हाला पत्र लिहिलं होतं. चार पानी, समास सोडून.
उत्तर आलं पोस्टकार्डावर, तीन शब्दांचं:
पत्ता कुणी दिला?
ते कार्ड मी फ्रेम करून घेतलं होतं.
आता वाटतं, प्रश्न खरा होता.

खालच्या मजल्यावरचा यतीन गुंदेचा
कर्वे रोडला सायकली विकतो.
तेव्हा पाचवीत होता.
जिन्यात बसून आम्ही पाच-तीन-दोन खेळायचो, म्हणाला.
बाई हात मोजताना लबाडी करायच्या.
पकडलं की आवाज न करता हसायच्या, खांदे हलायचे नुसते.
गोष्टी सांगायच्या?
छे. मीच सांगायचो, वर्गातलं सगळं.
कोणी कुणाचा डबा खाल्ला. त्यांना नावं पाठ होती.

मी लिहून घेतलं. पाच-तीन-दोन.
लिहिता लिहिता हात थांबला.
तो खेळ दोघांत होत नाही.

तिसरा भिडू?

यतीननं चाक स्टँडवर चढवलं, फिरवलं,
एका आऱ्यापाशी बोट धरलं.
बाकीचं आमचं आहे, म्हणाला.
रागानं नव्हे. दुकानाची वेळ सांगावी तसं.

घरी येऊन स्वाध्यायात घातलं:
प्रश्न चौथा. हा खेळ खेळायला किती भिडू लागतात?
एखादी हुशार पोर बरोबर पोचली असती.
रात्री दीडला उठून खोडलं.
सकाळी पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
त्या जागी आता रिकाम्या जागा भरा आहे,
सगळी उत्तरं पान नऊवर मिळतात.

नजमा तांबोळी चित्रं काढतेय.
फोटोच नाही तर चेहरा कसा काढू, म्हणाली.
म्हटलं, नकोच. जिना काढ.
शहाबादी पायऱ्या, कठड्याचा सुटलेला रंग,
बरोबर मधल्या पायरीवर पत्ते.
वाटलेले, पालथे.
किती डाव वाटलेत ते नीट मोजता येऊ देऊ नकोस.

बिडकरांनी पान बत्तीस उजेडाकडे धरलं.
चष्मा वर, मग खाली.
छान आहे. पण माणसं कुठायत?

कोणीतरी जिना चढत होतं ना, म्हटलं.

कोण?

मी.