दुकान वाढवणं

सगळ्यांच्या आधी शटर ओढलं ते बझारवाल्या वेनलिंगने,
मार्चच्या पहिल्याच आठवड्यात.
काचेवर कागद : सुट्टीवर आहोत.
गल्ली हसली.
जोडे दुरुस्त करणारा कास्तो म्हणाला,
नाताळलासुद्धा न मिटलेलं दुकान, याला आत्ता कसली सुट्टी?
कसली, ते आठवड्याने कळलं.

मी एर्मिनियाच्या डोक्यावर राहतो,
म्हणजे तिच्या दुकानाच्या. बटणं, लेस, सुया, रिळं.
थामोरा शहर, दुएरो नदीकडे उतरणारी गल्ली.
त्या शनिवारी तिने गल्ला मोजला, दिवे मालवले,
पाटी उलटी केली.
जिन्यातून मी म्हटलं, आमच्या भाषेत दुकान बंद करत नाहीत,
वाढवतात.
ती म्हणाली, अठ्ठावीस चौरस मीटर आहे,
भिंतीला भिंत. कुठे वाढवू?

मग खरंच वाढलं.
वृद्धाश्रमातून फोन आला : इलॅस्टिक आहे का, बारीक?
मग दवाखान्यातून, मग मुलीच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंकडून,
मग अशा बायकांकडून ज्यांनी वीस वर्षांत
तिच्याकडून एक सुई नेली नव्हती.
अर्धं शटर वर, टेबलावर ठोकलेली पितळी पट्टी,
आणि एर्मिनिया मोजतेय :
एक मीटर, दोन मीटर, वर चार बोटं जास्त,
तिच्या आईची सवय.
बाहेर पडायला कारण लागायचं. कुत्रा हे कारण चालायचं.
तिचा पांचो दिवसातून सहा वेळा फिरला, सहा घरांकडून,
शेवटी जिन्याखाली लपून बसायला लागला.
पावाखाली इलॅस्टिकची गुंडाळी घेऊन मी त्याच्यामागे.

कास्तोचाही फोन यायचा.
तुझं बरं आहे, लोकांना तोंडं झाकायचीत.
माझं कसं? कोणी चालतच नाही, तळवे झिजणार कशाने?
आणि खोकायचा. आणि म्हणायचा, चामड्याची धूळ.

एका सकाळी प्रत्येक शटरच्या कडीला
एकेक पिशवी अडकवलेली दिसली, आत दहा मास्क.
चिठ्ठी नाही, नाव नाही.
या वेळी कोणी हसलं नाही.
एर्मिनियाने पिशवीची घडी घातली आणि ठेवून दिली,
वेनलिंगच्या दुकानाची होती, मागून छापलेली.

पवित्र आठवड्यात त्या वर्षी मिरवणुका नव्हत्या.
रिकाम्या गल्लीत भोंगा कशाला वाजवायचा,
म्हणून रुग्णवाहिका न वाजवताच आली.
मी बाल्कनीत होतो. कास्तोच्या पायांत
घरातल्या सपाता होत्या, टाच तुटलेल्या.
हे मी एर्मिनियाला अजून सांगितलेलं नाही.

चार मे, सोमवार. वेळ ठरवून या, एका वेळी एकच गिऱ्हाईक.
वहीत पेन्सिलने रेघा : सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा.
हात लागलेल्या चेन एका टोपलीत, रात्रभर तशाच ठेवायच्या.
बटण चाचपून न बघता बटण घ्यायचं म्हणजे
काय बटण घ्यायचं, ती पुटपुटली.

सव्वादहाला फुलखेन्सियो आला. त्याला बटणं नको होती.
खिशातून गुलाबी चिटोरा काढला : दोनशे चौदा.
कास्तोच्या बहिणीने अकरा जोड इथे आणून ठेवले होते,
दोऱ्यांच्या खोक्यांमागे.
एर्मिनियाने जोडा उलटा केला.
तळव्यावर खडूने, कास्तोच्या तिरक्या हाताने : साडेचार.
म्हातारा घासाघीस करणारा, गल्लीला माहीत आहे.
त्याने पाच ठेवले, सुटे मागितले नाहीत,
तिथेच जोडा चढवून दारापर्यंत चालून पाहिलं.
आवाज बरोबर होता.

दिवसाच्या पहिल्या पैशाला तुमच्याकडे काय म्हणतात,
तिने मला मागे एकदा विचारलं होतं.
बोहनी, मी म्हटलं.
तिला तो शब्द जमत नाही, बोआनी म्हणते.
गल्ला उघडला, मग परत ढकलला.
पाचाचं नाणं तर नसतं. दोन, दोन, एक :
साबणाच्या पाण्याच्या पेल्यात तिने ती टाकली,
आणि पेला आमच्यामध्ये तसाच राहिला, फेसाखाली तीन नाणी,
अर्धा युरो कोणाला परत द्यायचा ते न ठरलेला.
बाहेर साडेदहावालीने काचेवर नखाने टकटक केलं.